बांध शाबूत आहे

चेन्नई, ४ डिसेंबर

ताई,

परवा दुपारी तुझा फोन मीच ठेवला. लाइन तुटली असं वाटलं असेल तर तसं नव्हतं. दोन वर्षांनी मोबाइलवर तुझं नाव उमटलं, आणि तू रडत होतीस. "ऋजू, धरण फुटलंय, आईला घेऊन नीघ," एवढंच परत परत म्हणत होतीस. मी "नाही फुटलेलं" म्हणाले आणि ठेवला. मी तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात उभी होते आणि माझ्यासमोर माणसं एकमेकांना ढकलत होती.

संध्याकाळी 'आई ठीक आहे' असा मेसेज केला, त्यावर तू अंगठा पाठवलास. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून सगळं कागदावर लिहून कुरियरने पाठवते आहे. भांडायचं असलं तरी निदान पूर्ण वाचून होईल.

शहराच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव आहे. इकडे तलावाला एरी म्हणतात. तो भरत आला की दरवाजे उघडून पाणी नदीत सोडतात आणि ती नदी आमच्या सैदापेटच्या गल्लीमागून जाते. शनिवारपासून पाऊस लागून राहिला होता. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसने घरूनच काम करा म्हणून सांगितलेलं. मी मीटिंगमध्ये होते. आई वॉकर घेऊन खिडकीपाशी बसली होती. तेवढ्यात जिन्यात कोणीतरी ओरडलं, "एरी उडैंजिरुच्चु!" तलाव फुटला.

पाठोपाठ मोबाइलवर तो व्हिडिओ. तोच तुझ्यापर्यंत कोल्हापूरला पोचला. मातीचा बांध खचतोय, तपकिरी पाणी कोसळतंय, कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय. खाली आमच्या तलावाचं नाव आणि 'तासाभरात पाणी शहरात'.

आईने चष्मा लावून तो दोनदा पाहिला. म्हणाली, "अगं, ही मागची झाडं बघ. हिमाचलला गेलो होतो तेव्हा अशी होती. मद्रासला कुठली आलीत?" मी नियंत्रण कक्षाला फोन लावत होते. सतत व्यग्र. सरकारी पानावर सकाळचंच निवेदन होतं. नवीन एक ओळ नाही.

जिन्यात आले तर दोन लोंढे. तळमजल्यावरचे गच्चीकडे निघालेले, वरचे लोक स्कूटर आणि गाड्या काढायला खाली. मधल्या वळणावर दोन्ही भिडले. कामाक्षी अम्मा, तळमजल्यावरच्या, त्या तिथे पडल्या. हात मोडला त्यांचा. त्यांच्या ओरडण्याने क्षणभर सगळे थांबले आणि पुन्हा रेटा सुरू झाला. बाहेर गल्ली गाड्यांनी भरली होती. सगळ्यांना रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याने पलीकडे जायचं होतं, आणि त्या भुयारात सकाळपासूनच पाणी भरलेलं. म्हणजे बघ, न आलेल्या पाण्याला भिऊन माणसं खऱ्या पाण्यात गाड्या घालायला निघाली होती.

शेजारच्या महालक्ष्मीअक्का दारात उभ्या होत्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीच्या काळी इकडे आले, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या बखरीसारखं आणि सूर मात्र तमिळ. त्यांची मुलगी रम्या त्याच तलावावर सहायक अभियंता आहे. मी म्हटलं, "अक्का, रम्याला विचारा ना."

"रम्या कामांत आहे," त्या म्हणाल्या. "कामांत असतां मी फोन करीत नाहीं."

मग मीच लावला. रम्याने लगेच उचलला. "फुटला नाही, अक्का. मी बांधावरच उभी आहे." ती मला अक्का म्हणते. मी जिन्यात ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय! एक जण म्हणाला, "तुमची शेजारीण म्हणते म्हणून आम्ही मुलं घेऊन घरात बसू?"

त्याचं तरी काय चुकलं? मी रम्याला म्हटलं, "मला सांगून उपयोग नाही. यांना दाखव."

ती म्हणाली, "निवेदन वर पाठवलंय. सही होऊन येईल. आम्ही थेट बोलायचं नसतं."

तेव्हा अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "रम्या, खालीं लोक धांवतात."

मग रम्याने कॅमेरा सुरू केला.

मी जिन्याच्या कठड्यावर चढून फोन उंच धरला. पडद्यावर रेनकोटातली रम्या, केस कपाळाला चिकटलेले, मागे तलाव. ती तमिळमध्ये बोलली. मी तुला जमेल तसं मराठीत सांगते.

"मी इथली अभियंता रम्या. मागे दिसतोय तो बांध. शाबूत आहे. मी त्याच्यावर उभी आहे. आता वाईट बातमी. आम्ही पाणी सोडतोय आणि दुपारनंतर आणखी सोडणार आहोत. कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे नदीलगतच्या पहिल्या गल्लीत गुडघ्यापर्यंत पाणी येईल. तळमजल्यावरच्यांनी वरच्या घरी जावं. गाड्या काढू नका, भुयारी रस्त्यात पाणी आहे. मला आत्ता एवढंच माहीत आहे. थोड्या वेळाने परत बोलेन. नवीन काही नसलं तरी बोलेन."

'एवढंच माहीत आहे' म्हणाली ना, तिथे जिना शांत झाला. वाईट बातमी ऐकून माणसं शांत होताना मी पहिल्यांदाच पाहिली, ताई. ज्याने मला धुडकावलं त्याच माणसाने कामाक्षी अम्मांना उचलून वर आणलं. आमच्याकडे, आईच्या पलंगावर. आईने त्यांचा हात लाटण्याला ओढणीने बांधून दिला.

रम्याने तोच मजकूर रेकॉर्ड करून पाठवला आणि दिवसभर पाण्याची पातळी, उघडे दरवाजे असे नवे आकडे पाठवत राहिली. संध्याकाळी पहिल्या गल्लीत पाणी आलं. गुडघ्याइतकंच.

आई मजेत आहे. तुझी चौकशी करते असं लिहिणार होते, पण तुला माहीतच आहे ती करतेच.

ऋजुता

चेन्नई, १३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आई इतकी हरखली की फोडायला मला देईना.

तू लिहिलंस ते चुकीचं नाही. नायब तहसीलदार म्हणून तू पुरात बोटीतून हिंडली आहेस, मी फक्त जिन्यात उभी होते. प्रत्येक कनिष्ठ माणूस आपापला व्हिडिओ काढू लागला तर दहा तोंडांनी दहा बातम्या होतील, हे खरं. तुमच्याकडे कुणा एका कर्मचाऱ्याने उत्साहात चुकीची पातळी सांगितली आणि एक गाव विनाकारण रिकामं झालं, हेही मान्य. पण मग तूच सांग, सही येईपर्यंत त्या जिन्याचं काय करायचं होतं? निवेदन आलं, नाही असं नाही. बांध सुरक्षित असल्याचं शुद्ध भाषेत लिहिलेलं. ते आलं तेव्हा कामाक्षी अम्मांच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं. अफवेला सही लागत नाही, त्यामुळे ती नेहमी आधी पोचते.

रम्याला कारणे दाखवा नोटीस आली आहे. परवानगीशिवाय जनतेशी संपर्क साधला म्हणून.

ती आता इथेच आहे, तलावावरून काढून कार्यालयात बसवलंय. काल आमच्याकडे आली आणि आईशेजारी बसून शेंगा सोलत राहिली. मी म्हटलं, "घाबरलीस का?" म्हणाली, "नोकरी गेली तर वाईट वाटेल. बोलले त्याचं वाईट वाटत नाही."

मग अक्कांनी मला बालाजीरावांची गोष्ट सांगितली. रम्याचे वडील. दोन हजार पंधरा साली पूर आला तेव्हा हे लोक याच गल्लीत तळमजल्यावर राहायचे. पाणी सोडल्याचं या गल्लीत कोणी सांगायला आलं नाही. अक्का आणि रम्या नातेवाइकांकडे गेल्या होत्या, ते घरी एकटे होते. दार आतून उघडता आलं नाही. रम्या तेव्हा कॉलेजात होती. संगणकाची शाखा सोडून तिने स्थापत्य घेतलं, मग परीक्षा दिल्या, आणि नेमणूक मागताना हाच तलाव मागितला.

अक्का सांगताना रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशीं कोणी बोललें नाहीं. ह्या दिवशीं माझी मुलगी बोलली." आणि पदराने चष्मा पुसत आत गेल्या.

तेव्हा मला आमची गल्ली कळली. आम्ही त्या दुपारी मूर्खासारखे पळत सुटलो असं टीव्हीवर दोन शहाणे म्हणत होते. ही माणसं मूर्ख नाहीत. एकदा खरी बातमी पोचली नव्हती, म्हणून आता ती खोटीसुद्धा खरी धरून चालतात. त्यांना हसण्याचा हक्क मला कुणालाही द्यायचा नाही.

आईला घेऊन कोल्हापूरला ये, असं शेवटी लिहिलंयस. तिलाच विचारलं. म्हणाली, "इराला सांग, मला इथे ओढून आणलेलं नाही. मी आलेय." बाबा गेल्यावर आई कुणाकडे राहणार यावरून आपण भांडलो, त्यात तिला कुणी विचारलंच नव्हतं, ना तू ना मी.

तुझी ऋजू

चेन्नई, २२ डिसेंबर

ताई,

तुझा मोठा लिफाफा आला आणि मी जेवण सोडून रम्याला बोलावलं. ज्या बाईचं करणं तुला पटलेलं नाही, तिच्यासाठी तू रविवार घालवून नोटिशीच्या उत्तराची पाच पानं लिहिलीस. हे फक्त तूच करू शकतेस.

तुझा पहिला मुद्दा वाचून रम्या ताठच बसली. अंदाज सांगणं वेगळं आणि नोंद सांगणं वेगळं. तिने जी पातळी सांगितली, जेवढे दरवाजे उघडे सांगितले, ते सगळं आधीच कार्यालयाला कळवलेलं होतं. तिने नवा निष्कर्ष काढला नाही, 'आता धोका टळला' असं एकदाही म्हणाली नाही. "हे मला सुचलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी नुसती माफी मागणार होते." आणि तू ठणकावून लिहिलंयस की माफी मागायची नाही, पण मोठेपणाही मिरवायचा नाही, नियम मोडला हे पहिल्याच ओळीत कबूल करायचं आणि पुढे नियमात काय हवं ते सांगायचं. आईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "इरा अगदी तुमच्या बाबांसारखं लिहिते."

आता एक सांगते, पहिल्या पत्रात गाळलं होतं. तुझा फोन यायच्या आधी मी आईची बॅग भरली होती. औषधं, कागद, शाल. तिला चाकांच्या खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलंही होतं. आईने चौकट धरून ठेवली. "झाडं बघ, झाडं बघ," म्हणत राहिली. तिने चौकट सोडली असती तर कामाक्षी अम्मांच्या जागी त्या वळणावर तिची खुर्ची असती. तुला शांतपणे 'नाही फुटलेलं' सांगणारी मी त्याच्या थोडंच आधी सगळ्यांसारखी पळायला निघाले होते. तुला कळू द्यायचं नव्हतं, कारण मग तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हटलंच होतं.

इमारतीत दुसरंही एक रामायण झालं. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पहिल्यांदा टाकला सिद्धार्थने. वरच्या मजल्यावरचा, नाशिकचा मुलगा, गाड्यांच्या कारखान्यात आहे. कामाक्षी अम्मांच्या जावयाने त्याची कॉलर धरली. चार जण म्हणाले, पोलिसांत द्या. सिद्धार्थ रडवेला होऊन म्हणत होता, "मला मित्राने पाठवला, मला वाटलं सगळ्यांना सावध करावं."

अक्का मध्ये पडल्या. जावयाला तमिळमध्ये असं काही सुनावलं की त्याने हात काढला. मला नंतर मराठीत सांगितलं, "भ्यालेला मनुष्य ओरडतो. त्यास मारलें तर पुढच्या वेळीं खरें असतांही ओरडणार नाहीं." पण त्याला सोडलं मात्र नाही. ज्या ज्या ग्रुपवर त्याने टाकला होता तिथे तिथे स्वतःच्या नावाने लिहायला लावलं: मी पाठवलेला व्हिडिओ खोटा होता, मी न तपासता पाठवला, एका म्हाताऱ्या बाईंचा हात मोडला. शेवटचं वाक्य लिहिताना तो फार वेळ अडला. लिहिलं शेवटी. आता कामाक्षी अम्मांना दवाखान्यात तोच नेतो.

ज्याने जाणूनबुजून आमच्या तलावाचं नाव त्या व्हिडिओखाली घातलं, त्याला पोलीस शोधत आहेत. तो सापडावा आणि त्याला शिक्षा व्हावी, यात माझ्या मनात दुमत नाही. पण तो आणि सिद्धार्थ एक नव्हेत.

सुनावणी जानेवारीत आहे. तुझी पानं रम्याने उत्तर लिहायला नेली आहेत.

ऋजू

चेन्नई, १० जानेवारी

ताई,

काल झाली सुनावणी. तुला रात्रीच फोन करणार होते, पण आई म्हणाली, सगळं नीट लिहून कळव, इराला तपशील लागतात.

एग्मोरजवळच्या कार्यालयात होती. आत फक्त रम्याला प्रवेश, म्हणून अक्का आणि मी बाहेर बाकावर. पण आमच्या गल्लीतून कोण कोण आलं होतं सांगू! सिद्धार्थ आला, कामाक्षी अम्मा प्लास्टरसकट आल्या, आणि मला धुडकावणारा तो गृहस्थ रजा काढून आला. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसते येऊन बसले. शिपायाने विचारलं, तुम्ही कोण? तर कामाक्षी अम्मा म्हणाल्या, "आम्ही त्या दिवशी घरात बसलेली माणसं."

रम्या बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग सांगितलं तिने.

मुख्य अभियंत्यांनी तिचं उत्तर आधीच वाचलेलं होतं. म्हणाले, हे कुणा अनुभवी माणसाने लिहिलेलं दिसतं. ती म्हणाली, "हो सर. महाराष्ट्रातल्या महसूल खात्यातल्या एका ताईंनी मदत केली. त्यांच्या मते मी चुकले होते." त्यावर ते हसले म्हणे. मग गंभीर होऊन विचारलं, "तुम्ही बांध शाबूत आहे म्हणालात आणि नंतर तो खचला असता तर? तुमच्या भरवशावर माणसं घरात बसली होती."

रम्या म्हणाली, "सर, मी बांधावरच उभी होते. त्या लोकांना मी जे सांगितलं, त्याच्यावर माझेच पाय होते."

नंतर त्यांनी तिला सगळं विचारलं. पुढच्या वेळी काय करावं? तू लिहून दिलेलं ती बोलली आणि स्वतःचंही बोलली. जागेवरच्या अभियंत्याला नोंदलेला आकडा थेट सांगायची मुभा हवी, अंदाज मात्र वरूनच यावा. बोलायची वेळ ठरलेली हवी, म्हणजे मधल्या वेळात लोक वाट बघतात, अफवा शोधत बसत नाहीत. आणि वाईट भाग आधी सांगावा.

निकाल असा. नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद, ती सेवापुस्तकात राहणार. आणि सोमवारपासून पुन्हा त्याच तलावावर रुजू. पुढच्या पावसाळ्याआधी जागेवरून थेट माहिती देण्याची पद्धत तिनेच बसवून द्यायची. ताकीदही तिला आणि कामही तिलाच. रम्या म्हणाली, "दोन्ही बरोबर आहे." तू समोर असतीस तर तिला मिठीच मारली असतीस. कारण हे अगदी तुझं वाक्य आहे.

अक्कांनी ऐकलं, उठून उभ्या राहिल्या आणि रम्याच्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुझे अप्पा असते तर आज पगडी घालून आले असते." आणि मग त्या रडल्या, ताई. इतक्या वर्षांचं. कामाक्षी अम्मांनी धड असलेल्या हाताने त्यांना धरलं. आम्ही सगळे त्या बाकाभोवती उभे राहिलो, येणारे-जाणारे वळून बघत होते, आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती. आपली माणसं म्हणतात ना, तसं वाटत होतं. मी या गावात नऊ वर्षं राहते. काल पहिल्यांदा मनात म्हटलं, हे माझं गाव आहे.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. रम्याचं ऐकून तिने टाळ्याच वाजवल्या. मग मी मुख्य अभियंत्यांनी तुझ्या पानांबद्दल म्हटलं ते सांगितलं. ती वॉकर घेऊन उठली, दार उघडून जिन्यात जाऊन उभी राहिली. वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होती. तिला तमिळ येतं ते भाजीवालीपुरतं. तेवढ्यावर ती सगळ्यांना सांगत होती, ते उत्तर कुणी लिहिलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणत होती, "एन पेरिय पोण्णु."

म्हणजे, माझी थोरली मुलगी.

ऋजू